मधल्या फटीतला ल

डाव्या हाताचं पहिलं बोट पुन्हा लाकडावर आपटलं. टक्.

तिथे बटण नव्हतं. कीबोर्डाच्या दोन तुकड्यांमध्ये वीतभर मोकळं टेबल होतं, आणि त्या मोकळ्या टेबलावर माझं बोट 'ल' शोधत होतं.

कानात सरावाची साक्ष चालू होती. "मग तो आला, त्यानं दार लोटलं, मला म्हणाला..." साक्षीदार भरभर सांगत होता आणि माझ्या पडद्यावर एकाही वाक्याला शेपूट नव्हतं. साक्ष म्हणजे घडून गेलेली गोष्ट, आणि घडून गेलेलं काही मराठीत 'ल'शिवाय सांगताच येत नाही. गेला, आली, बघितलं, पळाले. प्रत्येक वेळी बोट निघायचं, हवेतून जायचं, टक्.

शेजारच्या चटईवर निरू पालथी पडून मान वर करून माझ्याकडे बघत होती. टक् झालं की हसायची. सात महिन्यांच्या माणसाला एवढी गंमत पुरते.

"काय गं ते," आई दारातून म्हणाली, "भाकरी मोडून ठेवल्यासारखं?"

"दोन तुकड्यांचा कीबोर्ड आहे आई. खांदे मोकळे राहतात, मनगट वाकत नाही. डॉक्टरांनी सांगितलाय."

"आमच्या वेळी मशीन अख्खं होतं. मनगटंही अख्खी होती."

माझा अंगठा मुळाशी सुजला होता. बाळाच्या काखेत हात घालून दिवसातून शंभरदा उचललं की बायकांच्या अंगठ्याच्या शिरा दुखावतात. डॉक्टर बिरनाळे म्हणाले होते की त्यांच्याकडे येणारी दर तिसरी नवी आई हाच अंगठा घेऊन येते. आणि माझं तर पोटच हातावर. मी कोर्टात नोंदकार आहे. कुणाचाही आवाज आणि कुणाचाही चेहरा यंत्रं हुबेहूब बनवायला लागली, तेव्हापासून ध्वनिमुद्रणावरचा भरवसा उडाला. आता साक्षीदारानं समोर बसून बोलायचं, एका जिवंत माणसानं समोर बसून ते हातानं टाइप करायचं, आणि तेवढंच ग्राह्य. यंत्रांनी आईच्या पिढीचं काम काढून घेतलं होतं, ते यंत्रांमुळेच माझ्या पदरात पडलं.

मिरजेत आईचा टायपिंग क्लास होता. उपळेकर मॅडम म्हटलं की अजूनही चाळिशीपुढचे लोक आपोआप पाठ ताठ करतात. चुकीच्या बोटानं बटण दाबलं की मॅडमची फूटपट्टी त्या बोटावर. मी त्या क्लासमध्ये वाढले, मराठी मशीनच्या खडखडाटात झोपले, जेवले, तिथेच अक्षरं शिकले. माझे हात नियमाप्रमाणे चालतात. एक ल सोडून. ल खरं तर उजव्या हाताचा. मी तो डाव्यानं घेते. साध्या कीबोर्डावर कुणाच्या लक्षात आलं नसतं, डावं बोट जरा लांब जायचं इतकंच. पण कीबोर्ड मधोमध तुटला आणि माझी खोड उघडी पडली.

"ल उजव्या हाताचा," आई म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात शिकवते मी. तुला ही खोड कुठून लागली, देव जाणे."

"लागली कुठून तरी."

"माझ्या क्लासमध्ये नाही लागली."

कोणत्या बटणानं कोणतं अक्षर द्यायचं, ते या कीबोर्डावर आपल्याला ठरवता येतं. निरू झोपेल तेवढ्या वेळात मी तेच करत बसायचे. काना उजव्या अंगठ्याखाली आणला. अंगठा ठणकायला लागला, म्हणून काना तिथून हलवला. वेलांटी जुन्या मशीनसारखी अक्षराच्या आधी येईल असं केलं, कारण हाताला तीच सवय. हात घरी आल्याचं कळावं म्हणून मधल्या ओळीतल्या दोन बटणांवर नेलपॉलिशनं मोहरीचा एकेक दाणा चिकटवला. एक अक्षर सुधारलं की दुसरी दोन बिघडायची. एका शेजाऱ्याला खूश करावं तर दोघं रुसावेत, तशातली गत. ल डावीकडे नेता आला असता. पण टायपिंगच्या मॅडमची मुलगी मी. चुकीसाठी घर बांधून द्यायचं मला पटेना.

महिनाअखेरीला वेगचाचणी होती. बाळंतपणाच्या रजेवरून उलटतपासणीच्या टेबलावर परत जायचं तर वेग तोच हवा. वकील थांबत नाहीत, साक्षीदार घाबरून आणखी जोरात पळतो, आणि नोंदकारानं दोघांच्या मागे धावायचं. माझं टेबल मी फार कष्टानं मिळवलं होतं. ते गेलं असतं तर परत कधी मिळालं असतं, कोण जाणे.

"अजून हातानं मांडणी करत बसलीयस?" फोनवर शाहीन ओरडली. शाहीन मुल्ला आमची मुख्य नोंदकार, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. "अगं वेडे, कीबोर्डाच्या डब्याच्या तळाशी दोन पट्टे आहेत बघ. परिचय म्हणतात त्याला. मनगटावर बांध आणि सुखानं जग."

"तू बांधतेस?"

"सगळे बांधतात. तूच एक मोहरीचे दाणे चिकटवत बसलीयस."

मी पट्टे बांधले.

परिचयमागची कल्पना सोपी होती, म्हणूनच मला आवडली. हात हलवताना मेंदू दोन कामं करतो. हाताला हुकूम सोडतो, आणि त्याच हुकमावरून अंदाज बांधतो की आता बोटाला काय जाणवेल. अंदाज आणि जाणवणं जुळलं की आपल्याला काहीच वाटत नाही. ते काहीच न वाटणं, तीच ओळख. भरलेली समजून रिकामी बादली उचलली की हात वर उडतो, तो अंदाज चुकला म्हणून. स्वतःच्या बोटांनी स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, कारण मेंदूला सगळं आधीच ठाऊक असतं. नवा कीबोर्ड परका वाटतो, कारण प्रत्येक बटणाशी तो अंदाज केसभर चुकत राहतो.

पट्टा मनगटातल्या स्नायूंवरून वाहणारा हुकूम वाचतो. बोट निघताक्षणी त्याला कळतं की तुम्हाला कोणतं अक्षर हवंय. बोट कुठेही पडो, अक्षर तेच उमटतं. आणि बोट पडायच्या किंचित आधी तो मनगटातल्या नसेला एक बारीकसा स्पंद देतो, इतका बारीक की कळतसुद्धा नाही. मेंदूला वाटतं, हे मला माहीतच होतं. चूक होते, पण चुकल्याचं वाटणं निघून जातं.

साक्ष सुरू केली. "मग तो आला." माझं बोट फटीत लाकडावर पडलं. टक् सुद्धा वाटलं नाही. पडद्यावर ल.

मी हसले. मग धावले. दुपारभर थांबलेच नाही. परक्या गावात उतरावं आणि प्रत्येक दारातून कुणीतरी नावानं हाक मारावी, तसं झालं. निरू उठून रडायला लागली, तेव्हा कळलं की मी किती वेळ बसले होते. अंगठासुद्धा दुखत नव्हता.

पहिल्यांदा हृषीच्या लक्षात आलं. माझा नवरा आठवड्यातले चार दिवस जतकडे पवनचक्क्यांवर असतो; परत येतो तेव्हा केसांत धूळ आणि कानांत वारं घेऊन येतो. शनिवारी तो जमिनीवर बसून निरूला खुळखुळा दाखवत होता. मी जाता जाता त्याच्या केसांतून हात फिरवला.

"आई गं! दार ठोठावतेस काय?"

"हळूच तर फिरवला."

"हा हळू असेल तर जोरातला नको बाई." निरूकडे बघून म्हणाला, "तुझी आई माझ्यावर टाइप करायला लागलीय."

मी पण हसले. पण मग कणीक मळताना बोटं पिठात जास्तच खोल गेली. चहाचा कप उचलला तो ओठांना आपटला. पायऱ्या उतरताना कठड्याला धरलं, तर कठडा जिथे असायला हवा तिथे नव्हता. होता तिथेच होता, मलाच नवा वाटला. झोप अपुरी पडते म्हणून असेल, मी म्हटलं. सगळ्या नव्या आयांचं असंच असतं.

निरूला थोपटायला लागले तर ती झोपेना. तिला मांडीवर घ्यायचं, पाठीवर तीच संथ थाप द्यायची, आणि तिच्या पापण्या जड व्हायच्या. जन्मापासून हेच चालत आलेलं. आता ती डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघायची. रागानं नाही. कुणी नवीन पाहुणा घरात आला की बघायची, तशी. माझ्याही तळहाताला तिची पाठ तशीच वाटायची. छान, ऊबदार, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाची.

"दे इकडे," आई म्हणायची. चार थापांत निरू झोपायची.

मी खिडकीत उभी राहून चौकटीवर बोटं वाजवत राहायचे. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. फक्त पट्टे बांधून टेबलाशी बसलं की सगळं शांत, सगळं आपलं. मग मी आणखी बसायला लागले.

एका सकाळी आंघोळ करताना तळपायाला साबण लावला आणि गुदगुल्या झाल्या. मी खुदकन हसले. पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा हसू फुटलं, पाय आपोआप मागे ओढला गेला. माझाच पाय, माझंच बोट. हसता हसता मी एकदम थांबले. 

त्याच सकाळी निरूचं मालिश होतं. आई तेल कोमट करून आणते, पाय पसरून बसते आणि निरूला पायांवर घेऊन चोळते. पण त्या दिवशी तिची कंबर धरली होती, म्हणून मी बसले. तेल लावून झालं. निरू तेलानं चमकत होती, पाय झाडत होती. तिला उचलून आंघोळीला न्यायचं म्हणून मी काखेत हात घातले आणि वर घेतलं.

ती हातात आलीच नाही. म्हणजे आली, पण माझ्या हातांनी गृहीत धरली होती त्याहून ती जड होती. बोटं तेलावरून सरकली. शेजारी बसलेल्या आईनं जागेवरूनच पाय लांब केला आणि निरू त्या पायावर, मऊ लुगड्यात पडली. लागलं काही नाही. पण ती अशी दचकली की तिचा श्वास अडला, आणि मग जो टाहो फोडला तो मला आजही ऐकू येतो. मी हात पुढे केले. तिनं तोंड फिरवलं आणि आजीच्या पदरात घुसली.

आई तिला खांद्यावर घेऊन हलवत राहिली. खूप वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंजे, हात कुठं ठेवून आलीस?"

डॉक्टर बिरनाळेंनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, डोळे मिटायला लावून नाकाला बोट लावायला सांगितलं. मी डोळ्याला लावलं.

"दिवसातून किती वेळ बांधता पट्टे?"

मी सांगितलं.

"अंदाज बांधणारा मेंदूचा भाग चुकीवर जगतो हो," ते म्हणाले. "चुकला की दुरुस्त करतो, पुन्हा चुकतो, पुन्हा दुरुस्त करतो. तुम्ही त्याला दिवसभर सांगताय की बाबा, तुझं काहीच चुकत नाही. मग तो कशाला राबेल? त्यानं काम सोडलंय."

"पण घरी तर पट्टे नसतात."

"म्हणून तर घर परकं वाटतं. आणि कप-बशा काय, त्या आहेत तेवढ्याच राहतात. तुमचं बाळ रोज वाढतंय. रोज जड, रोज लांब. आईचा हात रोज थोडा चुकतो आणि रोज नवं बाळ शिकतो. तुमचा हात पट्टे बांधले त्या दिवशीच्या बाळाला उचलतोय."



"येईल परत," ते म्हणाले. "चुकायला लागा. कधी येईल, ते मात्र सांगत नाही."

घरी येऊन मी शाहीनला फोन लावला. "मला माझ्याच तळपायाला गुदगुल्या होतात."

ती खदखदून हसली. "मला पण! पहिल्यांदा झालं तेव्हा मी न्हाणीघरात एकटीच हसत सुटले. सासूबाई बाहेरून विचारतायत, अगं आत कोण आहे?"

"आणि मग?"

"मग काय, सवय होते. भाकरी तेवढी जमत नाही आता. थापताना फाटते. विकत मिळते की गं चांगली." थोडा वेळ नुसताच तिच्याकडचा पंखा ऐकू आला. "आधी मी डोळे मिटून थापायचे, मंजिरी. अम्मी म्हणायची, हिच्या भाकरीला कंपास लावा." पुन्हा पंखा. "माझा अयान बारावीत आहे. त्याला काही उचलून घ्यावं लागत नाही मला."

"हं."

"मी काही सांगत नाहीये तुला. चाचणी जवळ आलीय एवढंच सांगतेय."

हृषीचं म्हणणं सरळ होतं. "चाचणीपर्यंत बांध, मग काढ. तोवर निरूला मी आणि आई उचलतो. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दहा दिवसांत ती आणखी वाढेल."

"अगं, वाढेल म्हणजे काय, म्हशीएवढी होणारे का?"

"आत्ताच मी तिला दोन आठवड्यांपूर्वीची समजून उचलते, हृषी. आणखी दहा दिवसांनी कुणाला उचलेन?"

त्यानं खुळखुळा उचलून निरूच्या हातात दिला.  मग म्हणाला, "टेबल गेलं तर तू वर्षभर चिडचिड करशील."

"करेन."

"माझ्यावरच करशील."

"अर्थात."

"मग काढ," तो म्हणाला आणि निरूला घेऊन गच्चीवर गेला.

मी पट्टे डब्यात ठेवले, डबा कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसले आणि जगातली सगळी बटणं माझ्यावर उलटली. परिचय नसलेला तो कीबोर्ड पहिल्या दिवसापेक्षा परका होता, कारण आता हातही परके होते. साक्षीदार बोलत होता, मी तीन वाक्यं मागे होते. टक्. परत. टक्. मी उठले, पाणी प्यायले, बसले, उठले. तुकडे जवळ आणले, लांब नेले, तिरके केले. मोहरीचा एक दाणा निघून गेला होता. त्या जागी नवा चिकटवला, मग जुना जमिनीवर बसून शोधला, निरूनं तोंडात घातला नाही ना म्हणून तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. बोट जरा जास्तच आत गेलं. ती ओकली. मी रडले.

"ऊठ," आई म्हणाली. "मला बसू दे. काय भानगड आहे बघते."

"तुला नाही जमायचं ते."

"मला? अर्धी मिरज टाइप करायला शिकवली मी."

तिनं चष्मा लावला, पाठ ताठ केली, मोहरीच्या दाण्यांवर बोटं ठेवली. "हे बरं केलंयस," म्हणाली. मग डोळे समोरच्या भिंतीवर लावून, क्लासमध्ये पोरांना द्यायची तेच वाक्य स्वतःला सांगायला लागली: "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपला अर्ज या कार्यालयास..."

टक्.

माझ्या खांद्यावर निरू हसली.

आईनं खाली पाहिलं. तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत, लाकडावर होतं. अगदी तिथेच. जिथे गेले कित्येक दिवस माझं बोट आपटत होतं, त्याच जागी.

"आई."

"गप बस." तिनं हात मागे घेतला, पुन्हा दाण्यांवर ठेवला. "आपला अर्ज या कार्यालयास मिळा..."

टक्.

"मिळाला नाही अजून," मी म्हटलं.

आईनं चष्मा काढला. एवढा वेळ तिनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर इतरांना सांगत आली, हाताकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं.

"तू असशील निरूएवढी," ती म्हणाली. "क्लास नव्हता तेव्हा. टाइपिंगची कामं घरी घ्यायचे. द्राक्षांवरच्या रोगांचा एक प्रबंध होता, हा एवढा जाड. तू खाली ठेवलं की रडायचीस. मग मांडीवर घेऊन बसायचे. तुझं डोकं या कोपरात." तिनं उजवा हात वाकवून दाखवला. "बोटं चालायची. पण ल घ्यायला कोपर हलवावं लागायचं, आणि कोपर हललं की तू जागी. मग डाव्यानं घ्यायला लागले."

"आणि क्लासमध्ये मला फूटपट्टी."

"क्लास क्लास असतो." ती जराशी शरमून हसली. "मला वाटलं होतं, गेली ती सवय. तू कधी बघितलंस कुणास ठाऊक."

मांडीवरून, मी मनात म्हटलं. डोकं त्या कोपरात ठेवून मी आणखी काय बघणार होते?

"मग लाव ना तो डावीकडे," आई म्हणाली. "या काठाच्या बटणावर."

"चूक आहे ती, आई."

"माहीत आहे. माझी आहे. लाव."

मी लावला. डाव्या तुकड्याच्या आतल्या काठाला, अगदी फटीच्या तोंडाशी, ल. पहिल्यांदा बोट त्याच्याही पलीकडे गेलं. मग तुकडा सरकवला, बोट अलीकडे पडलं. आणखी सरकवला. प्रत्येक चूक आता टोचत होती, आणि मी त्या टोचण्याची वाट बघायला लागले होते. हे खुपतंय म्हणजे आत कुणीतरी कामावर आलंय.

आईनं निरूला माझ्या मांडीत दिलं. "दोन्ही भाकऱ्या बाजूला कर. तेवढी जागा आहे की मधे."

खरंच होती.

चाचणीच्या खोलीत मी उघड्या मनगटांनी बसले. शेजारच्या टेबलांवर पट्टे बांधलेले हात पाण्यासारखे चालले होते. माझे दगडावरून चालत होते. उलटतपासणीचा वकील दोन प्रश्न पुढे गेला की मी धापा टाकत मागून यायचे. पण ल चुकला नाही. आला, गेली, म्हणालं, प्रत्येक वेळी बोट काठावर जाऊन पडलं आणि प्रत्येक वेळी मला ते पडल्याचं जाणवलं.

शाहीननं निकाल स्वतःच आणून दिला. बाहेर कडुनिंबाखाली उभी राहिली, कागद हातात तसाच.

"उलटतपासणीला नाही बसत तुझा वेग."

"माहीत आहे."

"रडतेस काय?"

"नाही." रडत होते.

"ऐक तरी. एक टेबल रिकामं आहे, कुणी घेत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आणि लहान मुलांच्या साक्षी. तिथं कुणी पळत नाही. एकेक शब्द काढायला पाच-पाच मिनिटं घेतात, मधेच पाणी मागतात, मधेच आईला बोलवा म्हणतात. आमच्यासारख्यांना तिथं बसवत नाही गं, जीव वर-खाली होतो." तिनं माझ्या मनगटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. "तुझं टेबल मोठं होतं. हे लहान आहे. खोटं कशाला बोलू."

मी कागद घेतला. तिनं आपल्या उजव्या मनगटावरचा पट्टा सैल केला, आत बोट घालून खाजवलं, आणि पुन्हा घट्ट केला.

"निरूला आण कधीतरी," म्हणाली. "लांबूनच बघेन."

माझं जुनं टेबल दुसऱ्या कुणाला गेलं. त्याचं वाईट वाटतं. वाटत नाही म्हटलं तर हृषी साक्ष देईल, चिडचिडीचा तो एकमेव साक्षीदार आहे. कप अजून कधी कधी ओठांना आपटतो. तळपायाच्या गुदगुल्या कमी होत होत एका सकाळी थांबल्या. नुसता पाय, नुसता साबण.

आज दुपारी सराव करत बसले होते. दोन तुकडे दोन बाजूंना, मधे माझ्या मांडीत निरू. ती बटणांकडे झेपावत होती, मी तिची मूठ सोडवत होते. मग तिला पेंग आली. मी टाइप करणं थांबवलं आणि पाठीवर थाप दिली.

जरा जोरात पडली. निरूनं डोळे उघडले. पण ती माझ्याकडे बघायच्या आधीच माझ्या तळहाताला कळलं होतं. ही पाठ मागच्या आठवड्याहून रुंद आहे, खालचा श्वास जास्त भरलेला आहे, इतकं दाबायचं नाही. दुसरी थाप आपोआप हलकी पडली. तिसरी आणखी. तिच्या पापण्या उतरल्या, आणि डोकं घसरत घसरत माझ्या उजव्या कोपराच्या वाकणात येऊन थांबलं.

कानात सरावातली आजीबाई अजून बोलत होती, सावकाश, आठवून आठवून. "मग तो... आला."

कोपर हलवायचं नव्हतं. डाव्या हातानं मी हळूच ल घेतला.